मॉर्ट नावाचा शालू

*ॲक्वा. पाणी.*

हिरव्या साडीच्या पदराला ही चिठ्ठी टाचून योगिता खाली वाकली, लोंबता धागा कात्रीच्या टोकानं उचलून कापला आणि पुन्हा वर पाहिलं. ॲक्वा, पाणी. ॲक्वेरियम, म्हणजे काचेत पाणी आणि पाण्यात मासे. पुढचा धागा. चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत फक्त मूळ लिहिलेलं असायचं. अर्थ ती मुद्दाम लिहायची नाही. अर्थ आठवायचा असतो, असं मोबाईलमधले सर म्हणाले होते. ते असंही म्हणाले होते, "एक लॅटिन मूळ पाठ करा, वीस इंग्रजी शब्द फुकट."

मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला धाग्यांची शेपटं राहतात. ती कापायला एका शेठच्या दुकानातून साड्यांचे गठ्ठे सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत घरोघर येत. या कामात हात गुंततात, डोळे निम्मे गुंततात आणि मन अगदी मोकळं राहतं. शेजारच्या बायका त्या मोकळ्या मनात मालिका, माहेर, भाजीचे भाव असं काहीबाही भरत. योगितानं लॅटिन भरलं होतं. पर्वत पाटियाजवळच्या एका दवाखान्यात काउंटरवर जागा निघणार होती आणि त्या जागेच्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचे चाळीस गुण होते.

"हाई काय टांगी ठेवं व पदरले? लिंबूमिरची शे का?" सासू उषाबाईंनी घरच्या अहिराणीत विचारलं.

"इंग्रजी शे, आत्याबाई."

"इंग्रजी टाचनी लाईसन शिकतस का?"

"हात मोकळा ऱ्हात नही ना. वही कशी धरू?"

उषाबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "शिक माय, शिक. पन या इंग्रजीपायी एक बी साडी बिघडनी ना, तर तुनी वही मी भंगारवालाले दी टाकसू."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. म्हणूनच योगिताला त्याची भीती वाटली. त्या वहीत सहा महिने होते.

*डॉर्म. झोप.*

दुपारी खिडकीतून ऊन साडीवर पडलं की सगळी खोली साडीच्या रंगाची व्हायची. निळ्या साडीच्या वेळी भिंतीवरची देवाची तसबीरसुद्धा पाण्याखाली जायची. अशा वेळी योगिताला ती मुळं दिसत. ती फरशीच्या फटीतून खाली उतरत, रंगखान्यांच्या गटारांखालून, पॉवरलूमच्या धडधडीखालून पसरत जात आणि दूर कुठंतरी, जिथं मोठे कान असलेले शांत म्हातारे लोक चांदण्यात बसून लॅटिन बोलत, तिथं पोचत. म्हातारे तिला म्हणत, ये बाई, बस. आणि तिच्यासाठी खुर्ची पुढं करत. गादीची. चाकं असलेली, काउंटरमागं असते तशी.

"योगिता! टेम्पो उना!"

टेम्पो एक दिवस आधी आला होता. आठ नव्या साड्या होत्या, आठ नव्या डिझाइन. कॅटलॉगसाठी त्यांचे फोटो काढायचे होते, म्हणून घाई. उषाबाईंनी भराभर घड्या घातल्या, योगितानं गठ्ठा बांधला, टेम्पो गेला.

मग तिला चिठ्ठ्या आठवल्या. ॲक्वा, लूना, पोर्ट, स्पेक्ट, ऑडी, टेरा, डॉर्म. आणि मरून साडीवरची आठवी.

जाऊ दे, तिनं विचार केला. दुकानात कोणीतरी काढून फेकून देईल.

(यानंतर चार दिवस फक्त धागे कापले गेले. त्यांचं काय सांगायचं?)

*लूना. चंद्र.*

पाचव्या दिवशी तिच्या मोबाईलवर शेठच्या दुकानाचं नवं कॅटलॉग आलं. शेठ दर वेळी नव्या साडीचं नाव चिठ्ठीवर लिहून पदराला टाचत आणि तेच नाव कॅटलॉगवर छापलं जाई. आजवर ही नावं म्हणजे शेठच्या भाच्या, पुतण्या आणि त्यांच्या मैत्रिणी होत्या. या वेळी तसं नव्हतं.

पहिल्या पानावर एक उंच मुलगी चंदेरी साडीत तलावाकाठी उभी होती. खाली सोनेरी अक्षरं: लूना. तिच्या चिठ्ठीवरचा चंद्र चालत बाहेर आला होता आणि त्यानं बांगड्या घातल्या होत्या. पुढच्या पानावर टेरा, पृथ्वी, मातकट रंगात. मग डॉर्म, जांभळ्या साडीत झोपाळ्यावर. किती छान, किती छान, असं म्हणत ती पानं सरकवत राहिली, आणि शेवटच्या पानावर आली.

मरून शालू, भरगच्च जर. नवरीच्या वेषातली मुलगी लाजून खाली पाहत होती.

मॉर्ट. *ब्रायडल स्पेशल.*

योगितानं दुकानात कॅटलॉग करणाऱ्या अक्षयला फोन लावला.

"बोला बेन! कॅटलॉग जोयुं? पाहिलं ना? जोरदार चाललंय."

"अक्षयभाई, त्या चिठ्ठ्या माझ्या होत्या."

"तमारी? शेठनी नव्हत्या लिहिल्या?"

"मी अभ्यासाला लावल्या होत्या. काढायच्या राहिल्या."

फोनमध्ये पॅकिंगची टेप ओढल्याचा आवाज आला. "बेन, शेठ बारडोलीला गेले होते. मला वाटलं, जाता जाता टाचून गेले. आणि शेठला वाटलं, नावं मी ठेवली. माझी पाठ थोपटली, मिठाई दिली. खाऊन पण झाली."

"निदान मरून साडीचं नाव बदला."

"अरे, एज तो चाले छे! तीच तर खपतेय! रायपूर, नागपूर, इंदूर. चारशे पीस बुक!"

"त्याचा अर्थ चांगला नाही."

"अर्थ?" अक्षय हसला. "बेन, मागच्या दिवाळीला आपण 'रिवाना' नावाच्या नऊशे साड्या विकल्या. एकानं तरी अर्थ विचारला? मला पण नाही माहीत."

"याचा अर्थ मरण आहे."

टेपचा आवाज थांबला.

"कोणाला सांगितलं तुम्ही?"

"कोणालाच नाही."

"मग नका सांगू. अर्थ एकट्या तुम्हालाच माहीत असेल तर तो अर्थ नाही, बेन. ते गुपित." आणि त्यानं हळूच विचारलं, "पुढच्या कॅटलॉगला अजून बारा नावं मिळतील?"

*पोर्ट. वाहून नेणं.*

गुपित वाहून नेणं सोपं नव्हतं. ती धागा कापायची आणि डोळ्यांसमोर रायपूरची एक नवरी बोहल्यावर चढायची, मग नागपूरची, मग इंदूरची, अशा चारशे मरून नवऱ्या रांगेनं. पण त्या लांबच्या होत्या. धुकट होत्या. त्यांना चेहरे नव्हते.

रविवारी दुपारी एकीला चेहरा आला.

योगिताचा नवरा हेमराज एक चपटा खोका घेऊन घरात शिरला. त्याच्या बहिणीचं, स्वातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. "आख्खा मार्केटमा हाईच चाली राहिनी," तो म्हणाला. "शेठले सांगीसन खास काढी आननी." खोक्यावर सोनेरी अक्षरं होती.

स्वातीनं शालू अंगावर घेतला आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. खोली मरून झाली. उषाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"रंग जाई याना," योगिता म्हणाली.

"मी रंगखानामा काम करस, माले सांगस?" हेमराज म्हणाला.

"जड शे."

"नाही वहिनी, एकदम हलका आहे," स्वाती म्हणाली आणि गिरकी घेऊन दाखवली.

"टोचत नाही? ती जर मानेला टोचते. पुरळ येतं. दिवसभर खाजवत बसशील, फोटोत तसंच येईल."

"धागे तर तूच कापलेस ना?" स्वाती म्हणाली.

"हिरवा बघू ना आपण. हिरवा शुभ. हिरव्याचं नाव पण किती..."

"योगिता." उषाबाईंचा आवाज एकदम थंड झाला. "ननीदनं चांगलं व्हयी राहिनं, ते तुले देखावत नही का?"

आता फक्त दोनच रस्ते उरले होते. गप्प राहावं, तर स्वाती मरण नेसून बोहल्यावर चढणार आणि पुढं जन्मभर तिला साधी सर्दी झाली तरी योगिताला घाम फुटणार. बोलावं, तर वही गेली, परीक्षा गेली, चाकांची खुर्ची गेली. आरशात स्वाती हसत होती. तिच्या गालावर शालूचा रंग पडला होता.

योगितानं कात्री खाली ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: टेम्पो, चिठ्ठ्या, अक्षय, मिठाई, मॉर्ट.

स्वातीनं शालूचा पदर दोन बोटांत, झुरळ धरावं तसा धरला. हेमराजनं खोक्याचं झाकण हळूच उलटं ठेवलं.

"मॉर्ट म्हंजे मरन?" उषाबाईंनी विचारलं.

"हा."

"इंग्रजीमा?"

"नही. लॅटिनमा. इंग्रजीना पयलेनी भाषा शे ती. दोन हजार वरीस जुनी."

"आते कोन बोलस ती?"

"कोनीच नही."

"सुरतमा?"

"नही."

"मुंबईमा?"

"कठेच नही, आत्याबाई. दुनियामा कोनाच घरमा बोलत नही."

उषाबाई पलंगावर बसल्या. शालूचं एक टोक मांडीवर घेऊन त्यांनी जरीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मंग त्या भाषामा मरनले बलावनार कोन? आनं ऐकनार कोन? त्यास्ना यम बी दोन हजार वरीसथून घर बठेल व्हई." त्यांनी मान वर केली. "स्वाती, पदर नीट घे. खांदावरथून सोड."

स्वातीनं पदर घेतला. हेमराजनं झाकण सुलटं केलं. योगिताला वाटलं आपले पाय फरशीपासून बोटभर वर उचलले गेलेत, आणि खालून ते मोठ्या कानांचे म्हातारे माना हलवताहेत.

पण उषाबाईंची नजर तिच्यावरून हलली नव्हती.

"आनं तू तं माले सांगे, इंग्रजी शिकी राहिनी."

"इंग्रजीच. तिनी मुळं..."

"जी भाषा कोनी बोलत नही, ती तू सहा महिनापासून शिकी राहिनी?"

उषाबाई उठल्या, फळीवरची वही काढली आणि चपला न घालताच बाहेर गेल्या.

योगितानं डोळे मिटले. भंगारवाला रविवारीच येतो. त्याचा तराजू, वहीची पानं, पानांवरची सगळी मुळं उपटून एका पोत्यात. तिनं कान दिले. बाहेर भंगारवाल्याचा आवाज नव्हता. समोरच्या ओट्यावर धागे कापत बसलेल्या सखुबाईंचा होता.

"काय आननं उषाबाई?"

"देख हाई वही. तुनी सून मॉलमा इंग्रजी बोलस ना?"

"बोलस ना. फाडफाड!"

"बोलू दे माय. इंग्रजी तं आख्खी दुनिया बोलस." वहीची पानं फडफडली. "मनी सून जी शिकी राहिनी ना, ती सुरतमा एकले बी येत नही. जा, कोनले बी इचार."

सखुबाईंची कात्री थांबली. "मंग... कितली शिकनी ती?"

"लय शिकनी," उषाबाई म्हणाल्या. "थेट मरनलोंग पोचनी."