जूनमधला अधिकृत बर्फ

ज्ञान कितीही पुरातन असले तरी ते तीन प्रतींत आणि कार्यालयीन वेळेतच प्राप्त झाले पाहिजे, याविषयी कोणत्याही सुसंस्कृत शहरात दुमत नसते. कॅनडातले विनिपेग तर फारच सुसंस्कृत. तेथील पूर्वजज्ञान कक्षाने शहरात वाढणाऱ्या क्री आदिवासी मुलांसाठी नियम केला: वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडून एक परंपरागत गोष्ट ऐकावी, ऐकताना निरीक्षकाने पाहावे, मगच बारावीचा दाखला.

रेलीन ओकेमॉने जानेवारीत आजीच्या स्वयंपाकघरात अकरा गोष्टी ऐकल्या होत्या. त्या बाद ठरल्या. हिवाळ्यात बर्फामुळे कक्ष बंद असतो (निरीक्षकांची गाडी सुरू होत नाही). ज्ञानाचा हंगाम एक ते एकवीस जून. आणि दाखला नसेल तर रेलीनची नर्सिंगची जागा गेल्यातच जमा होती.

"आजी, एकच सांग ना. छोटीशी."

"बर्फ पडू दे, सांगते." फिलोमेन आजी तव्यावरची बॅनॉकची जाड भाकरी उलटत म्हणाली. "उन्हाळ्यात गोष्ट सांगितली की अंथरुणात बेडूक येतात. विचार तुझ्या मामाला."

"मामाच्या अंथरुणात आले होते?"

"उगाच दहाव्या मजल्यावर राहायला गेलाय का तो?"

कक्षाने ही अडचण अत्यंत आदराने घेतली (आदरासाठी वेगळी उपसमिती आहे). पाहणी झाली. पाच उन्हाळ्यांत सांगितलेल्या गोष्टी एकशे बारा. अंथरुणात आढळलेले बेडूक शून्य. अंथरुणे तपासणारे कर्मचारी, तेही शून्य. तरीही भावनांचा मान राखून आइस हॉकीच्या मैदानावरचा खरवडलेला बर्फ वस्तीच्या सभागृहात घोट्यापर्यंत पसरण्यात आला. सोबत तो बर्फच असल्याचा दाखला जोडला.

वीस जूनला निरीक्षक हॉर्निक आदरापोटी बूट काढून, मोजे भिजवत बसले. आजीने बर्फाला बोट लावून पाहिले.

"हा वरून पडला का रे, बाबा?"

"नाही, आजी. ट्रकमधून आला."

"मग गोष्टही ट्रकलाच सांगायला लाव."

आणि ती गप्प बसली. आजीचे बरोबर होते, याचाच रेलीनला जास्त राग आला. चाळीस मिनिटांत बर्फाचे पाणी झाले, त्यात रेलीनच्या डोळ्यांतलेही थोडे मिसळले. हॉर्निक मात्र भारावून लिहीत होते: 'कथा शब्दांपलीकडची. संथ, पारदर्शक. शेवटी श्रोती रडली. श्रेणी अ.'

दाखला मिळाला. घरी जाताना रेलीन धुमसत होती. "न सांगितलेल्या गोष्टीला अ, आणि त्या अकरांना शून्य!"

"शून्य त्यांच्या वहीत. तुझ्याकडे अकराच आहेत ना? मग चल, भूक लागलीय."

त्या अकरांपैकी एखादी आपल्यालाही ऐकवावी, ही वाचकांची अपेक्षा स्वाभाविक आहे. कृपया खिडकीबाहेर पाहावे. बर्फ दिसत नसल्यास अपेक्षा मागे घ्यावी. मात्र इथवर एक अख्खी गोष्ट बर्फाविनाच आपण ऐकून बसला आहात. तेव्हा आज निजण्यापूर्वी पांघरूण नीट झटकावे. तपासायला कर्मचारी येणार नाहीत.