डोन्या ओब्दुलियांच्या एकेचाळीस सेकंद मागे

घरातल्या टीव्हीचं रिझोल्यूशन किती ठेवावं, हा प्रश्न वरवर खाजगी दिसला तरी मुळात तो सार्वजनिक सुव्यवस्थेचा आहे. मोंतेविदेओत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या विल्मार एचेवेरींना हे लवकर उमगलं, याचं श्रेय भूमापन कार्यालयातल्या त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीला द्यायला हवं. ज्या माणसाने दोन कुंपणांमधलं वीतभर अंतर अकरा वर्षं प्रलंबित ठेवलं, तो टिपक्यांची संख्या अशीतशी ठरवणार नव्हता.

निवृत्तीनिमित्त मुलींनी दिलेल्या टीव्हीत चार आकडे होते, शिवाय ‘आपोआप’. (हा पर्याय पहिल्याच दिवशी फेटाळण्यात आला. आपोआप होणाऱ्या गोष्टींना जबाबदार अधिकारी नसतो.) पत्नी नेल्बा यांना साक्षीदार नेमलं गेलं.

“मला चारही सारखेच दिसतायत,” नेल्बा म्हणाल्या.

“तू नीट बघत नाहीस.”

“बघतेय की. तेच गवत आणि तीच रडकी टीम.”

साक्ष फेरविचारासाठी परत पाठवण्यात आली.

एकोणीस दिवसांच्या चाचण्यांनंतर सर्वांत वरचा आकडा मंजूर झाला. गोलकीपरने सकाळी दाढी केलेली नाही, ही आजवर दडून राहिलेली बाब त्यामुळे उजेडात आली.

पहिल्याच रविवारी दुपारी विल्मार कडू माते चहा घेऊन बसले. पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध रेंगाळत होता, आणि खालच्या मजल्यावरून शहाऐंशी वर्षांच्या डोन्या ओब्दुलियांचा आवाज आला, “गोऽऽऽल!” बरोबर एकेचाळीस सेकंदांनी तो गोल विल्मारांकडे पोचला, गवताच्या प्रत्येक पात्यासह. आपल्या आनंदाची बातमी आपल्याला दुसऱ्याने द्यावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ऐकण्याआधी एक तरी गोल बघायचा, एवढीच आता त्यांची इच्छा उरली.

चौकशीत आढळलं की चित्र इंटरनेटवरून येतं, आणि जितकं नटूनथटून येतं तितका त्याला उशीर होतो. विल्मार आकडा उतरवत गेले. चौदा गोलांच्या नोंदींनुसार दुसऱ्या आकड्यावर तेहतीस सेकंद, तिसऱ्यावर सत्तावीस, आणि शेवटच्यावर एकोणीस. या शेवटच्या टप्प्यात मैदानावर बावीस डाग दिसत. तेविसावा डाग पंच होता की काचेवर उडालेला सॉस, याबद्दल घरात मतभेद होते.

“खाली जाऊन सांग ना तिला, ओरडू नको म्हणून,” नेल्बा म्हणाल्या.

“गोल ओरडण्यावर हरकत घेता येत नाही. या देशात तरी नाही.”

अंतिम सामन्याच्या दिवशी मध्यंतरानंतर मात्र त्यांचा धीर सुटला. मातेच्या गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून ते स्थळपाहणीसाठी खाली गेले.

“डोन्या ओब्दुलिया, तुमचा टीव्ही कितीवर लावलाय?”

“टीव्ही?” म्हातारीने कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथे टीव्हीवर तुळशीसारखं काहीतरी वाढलं होतं. “पाच वर्षं झाली त्याला मरून. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मी काय बघणार कपाळ? बस बाळा, आपल्याला कॉर्नर मिळालाय.”

टेबलावरचा रेडिओ घसा फाडून ओरडत होता. विल्मार बसले. एकही टिपका समोर नव्हता, तरी चेंडू कोपऱ्यातून उडाला, कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळ्यात गेला. हे सगळं त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की ते म्हातारीच्याही आधी ओरडले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

वरून फरशीवर चप्पल आपटल्याचा आवाज आला. “विल्मार! मेल्या, इथे अजून चेंडू मधेच आहे!”

विल्मार इतके खूश कधीच नव्हते.

चौकशी बंद करण्यात आली आहे. टीव्ही अखेर कोणत्या आकड्यावर ठेवला, असा प्रश्न इथपर्यंत वाचूनही ज्यांच्या मनात आहे, त्यांच्या माहितीसाठी: सर्वांत वरच्या. सामना कोण जिंकलं, हे आपण विचारलेलं नाही, याची नोंद घेण्यात आली आहे.