एक बूट इथे, एक बूट तिथे

लिस्बनला हरेशची मुलाखत दुपारी तीनला होती आणि इकडे वसईत त्याच्या वडिलांना, काशीरामांना, सकाळपासून काही सुचत नव्हतं. खाडीकाठच्या त्यांच्या गावातून परदेशी शिकायला गेलेला हरेश हा पहिलाच मुलगा. जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हा त्याचा विषय. शिक्षण संपत आलं होतं, आणि लिस्बनजवळच्या पाचशे वर्षांच्या एका मठाच्या डागडुजीसाठी एक शिकाऊ जागा निघाली होती. एकच. ती मिळाली तर हरेश आणखी दोन वर्षं त्या दगडांत रमणार होता. नाही मिळाली तर महिनाअखेरीला परत येऊन वालीवला मामाच्या कारखान्यात खिडक्यांच्या ग्रिलची ड्रॉइंग काढणार होता. मामाने टेबल पुसूनही ठेवलं होतं.

काशीरामांनी फोनवर लेकाला डोक्यापासून पायापर्यंत दाखवायला लावलं. बूट पुन्हा एकदा दाखवायला लावले. इतके काळेभोर आणि चकचकीत बूट त्यांच्या घराण्यात कुणी घातले नव्हते. हरेशनेही घातले नसते, पण खोलीतला जोडीदार जेसन वसईच्याच पाचूबंदरचा. त्याने बहिणीच्या, रोवेनाच्या लग्नातले आपले बूट काढून दिले होते आणि वर बजावलं होतं, "भाई, एकदाच घातलेत हां. पायापेक्षा जास्त सांभाळ." बूट एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे टिश्यू पेपर कोंबला होता.

"आनि कुठं बूट काढलास त एक इथं ठेव, एक तिथं ठेव," काशीराम म्हणाले.

मागे एका जत्रेत त्यांच्या कोऱ्या चपला देवळाबाहेरून गेल्या होत्या. तेव्हापासून घरातलं कुणीही चपला जोडीने ठेवत नसे. एकच चप्पल नेऊन चोर करणार काय, हा काशीरामांचा सवाल होता. मुलाखतीत बूट कोण काढतंय, असं हरेशची आई हंसाबाई मागून म्हणाल्या, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वेळेआधी पोचायचं हीही वडिलांचीच शिकवण. हरेश पावणेदोनलाच मठात हजर झाला. तासभर करायचं काय, म्हणून तो मठाच्या चर्चच्या दाराशी गेला आणि त्याने सहज वर पाहिलं. मग मान खाली यायलाच तयार होईना. खांब वर, आणखी वर, नजर पुरणार नाही इतके वर गेले होते आणि तिथे माडाच्या झावळ्यांसारखे फाकून त्यांनी छत तोललं होतं. हे सगळं त्याने पुस्तकात पाहिलं होतं, मापं पाठ होती. पण पुस्तकातली मापं आणि हे यांचा काही संबंध नव्हता. हे माणसांनी केलंय, दोन हातांच्या माणसांनी, एवढं एकच त्याच्या मनात येत राहिलं.

अशा जागी वसईचा माणूस जे करतो ते त्याच्या पायांनी परस्पर करून टाकलं. बूट उंबऱ्याबाहेर उतरले. डावा बूट दाराच्या डाव्या बाजूला बाकाखाली गेला, उजवा उजवीकडे झाडाच्या कुंडीमागे. मोजे खिशात गेले आणि हरेश आत गेला.

आतल्या फरश्या मधोमध झिजल्या होत्या. पाच शतकांच्या पावलांनी केलेल्या त्या खोलगट वाटेवरून तो अनवाणी, वर बघत हिंडत राहिला. चौथ्या खांबाशी तळव्याला काहीतरी ओलसर, खरखरीत लागलं. एरवी तो वाकून बघता, पण डोळे वर अडकले होते.

अर्ध्या तासाने बाहेर आला तर उजवा बूट होता आणि डावा नव्हता. बाकाखाली नव्हता, बाकामागे नव्हता. फक्त एकच बूट नेणारा चोर त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. मुलाखतीला पस्तीस मिनिटं उरली होती. एका पायात बूट घालून चालणं जास्तच वाईट दिसतं हे चार पावलांत कळलं, तेव्हा त्याने तो हातात घेतला आणि मठाच्या चौकात एकेका खांबामागे शोध सुरू केला.

तेवढ्यात म्हाताऱ्या यात्रेकरूंची बस आली. त्यातल्या मोत्यांची माळ घातलेल्या एका आजीबाईंनी अनवाणी पाय पाहिले, रडवेला चेहरा पाहिला आणि त्यांची खात्री पटली की पोरगा नवस फेडतोय. त्यांच्याकडेही नवसाला लोक अनवाणी चालतात. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि हातात पेटती मेणबत्ती दिली. वडीलधाऱ्यांनी दिलेलं परत करायचं हरेशला जमलं नाही. एका हातात बूट, एका हातात मेणबत्ती घेऊन तो पुढच्या खांबाकडे गेला, तर आजीबाई मागे आल्या. त्यांच्यामागे बस आली. हरेश वाकून कोपऱ्यात बघे, की मागचे वीस जण माना लववत. त्याने कचऱ्याच्या डब्यात डोकावलं तेव्हा दोघा-तिघांनी क्रूसाची खूण केली.

अशी मिरवणूक निघाली ती थेट मुलाखतीच्या दारात थांबली. आत तीन जण बसले होते. मधल्या प्राध्यापिकाबाईंनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग बुटाकडे, मेणबत्तीकडे आणि शेवटी दारातल्या गर्दीकडे. दुसरं काही सुचेना म्हणून हरेशने सगळं खरं सांगितलं. तिघांपैकी कुणीच हसलं नाही. हरेशला मामाचं पुसलेलं टेबल दिसू लागलं.

"चर्च पाहिलंत ना? काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"दिसलं ते सगळ्यांनाच दिसतं," हरेश म्हणाला. "पण चौथ्या खांबापाशी ओलीबरोबर जमिनीतून मीठ वर येतंय. पायाला लागलं. माझे वडील मिठागरात होते. वाफ्यात मीठ धरायला लागलं की डोळ्याआधी तळव्याला कळतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंत कुठून ओल धरते यावर त्यांचा दोन महिने कागदोपत्री वाद चालला होता. बाई उठल्या. सगळे चर्चच्या दाराशी आले आणि बाईंनी आपले बूट काढले. ते बघून बाकीच्या दोघांनीही काढले.

हरेशच्या मनात आलं, मघाशी आपलं चुकलं ते अंतरात, दोन्ही बूट फार जवळ ठेवले. पाहुण्यांची जबाबदारी आता आपली, असं समजून त्याने तिघांचे सहाही बूट सहा दिशांना नीट लांब लांब ठेवले. सातवा जेसनचा.

चौथ्या खांबाशी बाई अनवाणी उभ्या राहिल्या. त्यांनी पाऊल घासलं, डोळे मिटले, मग वर छताकडे पाहिलं. "तीस वर्षं इथे येतेय," त्या हळू म्हणाल्या, "आज पहिल्यांदा आत आल्यासारखं वाटतंय." मग त्यांनी हरेशचा हात हातात घेतला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा एकही बूट नव्हता. पहिल्या फेरीत डावा बूट उचलणारा मठाचा झाडूवाला बाबा जेवणाची सुट्टी संपवून दुसरी फेरी मारून गेला होता. रखवालदाराने सांगितलं, जोड सापडला तर तो कुणाचा तरी असणार, म्हणून बाबा ऑफिसात जमा करतो. सुटा बूट म्हणजे कचरा. कचऱ्याची गाडी तर आत्ताच गेली. जेसनच्या बुटांची जोडी शेवटी जुळली ती त्या गाडीत. त्या दिवशी मठातून चार विद्वान अनवाणी घरी गेले.

रात्री जेवणाच्या वेळी वसईत फोन वाजला. जागा मिळाली म्हटल्यावर हंसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मिठाचं ऐकून काशीरामांनी पाय लांब केले. मग स्वतःच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत म्हणाले, "म्हंजे माजं पाय तिथं कामाला आले."

"तुमचेच आले, बाबा. पण बूट गेले. सगळ्यांचेच."

"एक इथं, एक तिथं ठेवलंवतंस ना?"

"होय. चांगले वीस-वीस पावलांवर."

काशीरामांनी पुष्कळ विचार केला.

"मंग आजून लांब ठेवाचं व्हतं," ते म्हणाले.