तीन म्हातारे, बेचाळीस अंश

आकड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! आयुष्य दैनिकाच्या डेस्कवर गेलं. धरणाची पातळी, सोन्याचा भाव, निवडणुकीतली मतं, सगळं माझ्या नजरेखालून जायचं आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची वेळ यायची नाही. त्यामुळे बायको शाळेत जाता जाता म्हणाली, "अप्पांचा ताप मोजा. नसला तरच जाऊ द्या," तेव्हा मी नुसता हसलो. ताप मोजणं हे काय काम आहे?

अप्पा म्हणजे माझे सासरे. दोन मित्रांबरोबर तळ्यावर मासे धरायला जायचा त्यांचा बेत गेल्या हिवाळ्यापासून शिजत होता. कधी एकाचा गुडघा आडवा यायचा, कधी दुसऱ्याची सून. आज गाडी ठरली होती आणि नेमकी कालपासून अप्पांना सर्दी! सकाळपासून बूट घालून ते बॅगेवरच बसले होते. जणू बॅग पळून जाणार होती.

"जावईबापू, मोजा आणि सोडा! गाडी येईल आता."

मी घरातला डिजिटल थर्मामीटर काढला. बॅटरी संपलेली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात धावलो. दुकानदार जेवायला गेलेला. परत आलो तर अप्पा दारात उभे, गळाची काठी खांद्यावर!

तेवढ्यात टेबलावरचा खोका दिसला. बायको सातवीला विज्ञान शिकवते. सोमवारच्या प्रयोगासाठी तिने थर्मामीटर तपासायला घरी आणले होते. खोक्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये.' ही सूचना मुलांसाठी असणार, हे मी अनुभवाने ओळखलं.

काचेची लांब नळी, आत लाल रेघ, आकडे थेट एकशे दहापर्यंत. म्हणजे अप्पा उकळले तरी मोजता येणार! मी नळी त्यांच्या काखेत दिली, थोडा वेळ थांबलो, काढली, खिडकीपाशी उजेडात नेली, चष्मा पुसला आणि वाचली.

"बत्तीस."

"बत्तीस?" अप्पा ओरडले. "अहो, बत्तीसला बर्फ होतो!"

"ते फॅरनहाइट, अप्पा. हे सेल्सिअस."

"मग सेल्सिअसमध्ये मी जिवंत आहे का?"

प्रश्न रास्त होता. माणूस सदतीसच्या आसपास असतो, एवढं मलाही ठाऊक. अप्पा तर बत्तीसवर! मी त्यांच्या अंगावर दोन ब्लँकेटं टाकली आणि पुन्हा मोजायचं ठरवलं. लहानपणी डॉक्टर काय करायचे? नळी झटकायचे! मीही झटकली. चांगली दणकून, छताचा पंखा दचकेल अशी. पुन्हा काखेत, पुन्हा खिडकी, पुन्हा चष्मा.

बेचाळीस!

बायकोला फोन केला, ती तासावर. संदेश पाठवला, 'अप्पांना बेचाळीस. लगेच ये.' खाली गाडीचा भोंगा वाजायला लागला.

"मी चाललो," ब्लँकेटांतून आवाज आला.

"अप्पा, तुम्हाला एकशे सातच्या वर ताप आहे!"

"मग मला कळत कसा नाही?"

"एवढ्या तापात माणसाला काही कळत नाही!"

भोंगा वाजवूनही कुणी खाली उतरेना, तेव्हा अप्पांचे मित्रच वर आले. पुढे निवृत्त पोस्टमास्तर, मागे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले बंबवाले काका.

"काल संध्याकाळी आम्ही एकाच बाकावर होतो," पोस्टमास्तर चाचरत म्हणाले. "माझाही बघता का जरा?"

मी नळी साबणाने धुतली, पुसली, त्यांना लावली. बेचाळीस! बंबवाले काका गडगडले, "अरे, मी पेटत्या इमारतीत शिरलेला माणूस! मला कसला ताप?" त्यांनाही बेचाळीस! ते मटकन खुर्चीत बसले आणि पाणी मागायला लागले.

आता मात्र माझ्यातला पत्रकार जागा झाला. एका बाकावरचे तिघे, एकच आकडा. ही साथ होती! मी खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "थांबा जरा, तिघांनाही बेचाळीस ताप आहे!" तो थांबला नाही. इतक्या चपळाईने गाडी वळवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

अप्पांनी बूट काढले. एवढा वेळ खांद्यावर असलेली काठी त्यांनी हळूच भिंतीला टेकवली आणि तिकडे पाठ करून बसले. मला तेवढ्यापुरता खरंच ताप चढला.

धापा टाकत बायको आली. तिने अप्पांच्या कपाळाला हात लावला, मग पोस्टमास्तरांच्या, मग काकांच्या. मग माझ्या हातातली नळी पाहिली.

"याने मोजलात?"

"तीन वेळा खात्री केली."

तिने नळी नुसती हवेत धरली. लाल रेघेचं टोक अडतिसावर. "बघा, खोलीलाही ताप आलाय! ही रेघ मधे तुटलीय, म्हणून टोक दहा अंश वर सरकलंय, दिसतंय? झटकलीत ना?"

"डॉक्टर झटकतात."

"त्यांच्या नळीला आत बारीक वळण असतं, म्हणून बाहेर काढल्यावरही आकडा धरून राहतो आणि झटकून उतरवावा लागतो. हा प्रयोगशाळेतला! याला झटकायचं नसतं, आणि जागेवरच वाचायचं असतं. बाहेर काढलात की उतरायला लागतो. सातवीची पोरंसुद्धा..."

"म्हणजे मला ताप नाही?" अप्पा उठले.

"नाही, अप्पा."

"मग गाडी कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तासाभरात मी तिघा म्हाताऱ्यांना माझ्या गाडीत घालून तळ्याच्या रस्त्याला लागलो होतो. सुट्टीचे दोन दिवस झोपून काढायचा माझा बेत होता, पण तो कुणी विचारला नाही. उकडत होतं.

"एसी कितीवर ठेवू?" मी नम्रपणे विचारलं.

"बावीस!" काका म्हणाले.

"सव्वीस!" पोस्टमास्तर म्हणाले.

अप्पा पुढे वाकले आणि माझा हात बटणावरून बाजूला करत म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. आकड्यांचं काम आम्ही बघतो. तुम्ही फक्त रस्ता बघा."