लिहेरो म्हणजे हलकी

"कडक की हलकी?" सिगार वळणाऱ्या नेरेइदाने विचारलं.

पिनार देल रिओच्या सिगार कारखान्यात वाचकाच्या जागेसाठी आज एवेलिओची परीक्षा होती. कामगार पानं वळत बसतात, वाचकाने उंच खुर्चीत बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. वाचक ठेवायचा की हाकलायचा, हे कामगारच ठरवतात. आवडला तर पानं कापायचं पातं टेबलावर ठोकतात, नाही आवडला तर जमिनीवर टाकतात. एवेलिओ हवानाच्या रेडिओतून कमी झालेला माणूस. ही नोकरी हुकली तर सासऱ्यांची डुकरं राखायची, असं बायकोने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

आणि सिगार? लग्नात एखादी ओढायचा. तीही फोटोपुरती. पण हे तंबाखूवाल्यांना सांगायचं?

"तशा दोन्ही चालतात," तो ऐटीत म्हणाला. "कडक असली की छातीवर बसते, हलकी असली की शेजारी बसून गप्पा मारते. आज वाचायचंय ना, तेव्हा... लिहेरो द्या."

आमच्याकडे लिहेरो म्हणजे हलकं. लिहेरो जेवण, लिहेरो सदरा, लिहेरो झोप. फक्त तंबाखूत लिहेरो म्हणजे रोपाच्या शेंड्याचं पान. सगळं ऊन पिऊन माजलेलं, सगळ्यांत कडक. बाकीच्या पानांत ते बेताबेताने घालतात.

"नुसती लिहेरो?" नेरेइदाचे डोळे विस्फारले.

"नुसती!"

"अगं बाई! गडी अस्सल दिसतोय," ती शेजारणीला म्हणाली आणि वळायला लागली.

एवेलिओ सिगार घेऊन उंच खुर्चीत चढला, पुस्तक उघडलं. पहिला झुरका. छान.

दुसरा झुरका. छानच, पण खुर्ची जरा जास्तच उंच आहे.

तिसरा झुरका. खुर्ची कोण हलवतंय?

"'एलेना,' कर्नल म्हणाला, 'तुझ्याशिवाय मला...'" एवेलिओ थांबला. पोटातून काहीतरी वर निघालं होतं. "'मला... नको. मला काहीच नको.'"

पुस्तकात हे नव्हतं. पण दालनातली पाती थांबली.

"'एलेनाने त्याचा हात...'"

(थंड घाम.)

"'...हातात घेतला. तो हात...'"

(अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. ओळ सापडेना.)

"'तो हात... कुठाय?'"

"अगं आई! हात तुटलाय त्याचा!" मागून कुणीतरी हुंदका दिला.

"युद्धावरून आलाय ना, मला वाटलंच होतं."

"गप्प बसा गं! ऐकू द्या!"

"'एलेना,'" एवेलिओ कण्हला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "'आता... आता मला...' माफ करा!"

तो खुर्चीवरून उतरला, म्हणजे निम्मा उतरला आणि निम्मा पडला, आणि तोंडावर हात दाबून अंगणातल्या पपईच्या झाडामागे धावला.

"सहनच झालं नाही हो बिचाऱ्याला!"

"नाहीतर तो आधीचा मेला वाचक. नायिका मरत होती आणि हा आंबा खात होता!"

एवेलिओ परतला तेव्हा चुन्यासारखा पांढरा झाला होता. पाती जमिनीवर पडलेली बघायची तयारी करूनच तो आत आला. आणि दालन कडाडलं! सगळी पाती टेबलांवर ठोकली जात होती. नेरेइदाने त्याला मिठीच मारली.

"नेमणूक पक्की," मुकादम विल्फ्रेदो पुढे आला. "पण दादा, कादंबरी नको."

"का?"

"बघताय ना? सगळे रडतायत. पानं भिजली, मघापासून एक सिगार धड वळली नाही. तुम्ही आपलं हवामान वाचत जा."

दुसऱ्या दिवशी एवेलिओचं पोट जाग्यावर होतं. रेडिओवरच्या स्वच्छ, सरळ आवाजात त्याने वाचलं, "उद्या आकाश निरभ्र राहील."

"निरभ्र म्हणे," नेरेइदाने एप्रनला नाक पुसलं. "सोबतीला एक ढगसुद्धा नाही गं बिचाऱ्या आकाशाला!"