नागभीडच्या फोटो स्टुडिओतील मूल्यमापन

कोणतीही वस्तू हरवण्यापूर्वी तिच्या सुरक्षेसाठी समिती नेमणे, हे प्रगत समाजाचे लक्षण आहे. नागभीडचा प्रफुल याबाबत मागे नव्हता. त्याच्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये अकरा वर्षांची लग्ने, बारशी, घरची कागदपत्रे आणि (काढल्यावर कोणालाच ओळखू न येणारे) पासपोर्ट फोटो होते. हे सगळे इंटरनेटवरून दूर कुठेतरी जपून ठेवणारी एक बॅकअप सेवा पंधरा दिवस फुकट मिळत होती. ती तपासून घ्यायचे ठरले.

समितीत तिघे: प्रफुल, त्याची बायको हर्षा आणि शेजारचे बापूराव, पंचायत समितीचे निवृत्त लिपिक. बापूरावांनी तक्ता आखला.

वेग: पहिल्या दिवशी सेवेने 'शिल्लक वेळ ४१२ दिवस' असे दाखवले. इतका नेमका आकडा दिल्याबद्दल दहापैकी नऊ गुण. तिसऱ्या दिवशी 'काम पूर्ण' अशी हिरवी खूण आली, तेव्हा उरलेला एक गुणही देण्यात आला. (बाकीचे ४०९ दिवस कुठे गेले, हे विचारणे सभ्यपणाचे नव्हते.)

सुरक्षितता: पासवर्ड इतका कठीण ठेवला की दुसऱ्या दिवशी तो समितीलाही आठवेना. दहापैकी दहा.

ग्राहकसेवा: अठ्ठावीस मिनिटे संगीत ऐकवून पलीकडची बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." बापूराव भारावले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असे कोणी म्हटले नव्हते.

हर्षा म्हणाली, "एखादा फोटो वापस आणून तर पाहा."

"सूनबाई, वापस आणणं तक्त्यात नाई," बापूराव म्हणाले.

"तू काऊन अपशकुन करून राह्यली?" प्रफुल म्हणाला.

हर्षाने वाद घातला नाही. तिने सगळे एका हार्ड डिस्कवर उतरवले आणि जिवती गावी माहेरी गेली तेव्हा आईच्या पेटीत ठेवून आली. (अहवालात नोंद नाही.) सेवेला शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले.

पुढच्या आठवड्यात वीज पडली आणि कॉम्प्युटर धूर सोडून गप्प झाला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावच्या गिरजाबाई आल्या. त्यांचा नवरा मुखरू चार दिवसांपूर्वी वारला होता.

"घरी त्याइचा एकबी फोटो नाई. पुतणीच्या लग्नातला तुमच्याजोळ असन. तेरवीले ठेवाचा हाये."

प्रफुलने मोबाइलवर नवा पासवर्ड मागवून सेवा उघडली. पडद्यावर ठेवलेले २१२ शॉर्टकट सुखरूप परत आले. म्हणजे फोटोंकडे जायच्या वाटा सगळ्या होत्या, फोटो एकही नव्हता. प्रफुलला गिरजाबाईंकडे बघवेना.

"बाई, मले दोन दिवस द्या," हर्षा म्हणाली आणि जिवतीच्या गाडीला निघाली.

तिसऱ्या दिवशी मुखरू सापडला. पंगतीत, गालात बुंदी, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारा.

गिरजाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "जेवताना कोणी मधात आला का असाच खेकसे," म्हणाल्या, हसल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून तिथेच खाली बसल्या.

प्रफुलने फोटो मोठा करून दिला.

कॉम्प्युटर जळूनही फोटो मिळाला, ही बातमी पसरल्यावर सदतीस दुकानदारांनी बापूरावांकडून अहवालाची प्रत मागून नेली. हर्षाला मात्र कोणी काही विचारले नाही. सगळ्यांना ब्याण्णव गुणांच्या त्या सेवेचे नाव तेवढे हवे होते. मघापासून तुम्हीही तेच शोधताय. संकोच नको, या. हर्षाने राजीनामा दिल्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे.