वैजयंताबाईंनी पत्राखाली आपले नाव घातले त्याची हकीकत

श्रीविद्यादेवीचे चरणी मस्तक ठेवून, आणि परीक्षामंडळाची क्षमा मुळीच न मागता, हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर चालत होते, आणि त्या संवत्सरास हे नाव ज्याने ठेविले तो मोठा जाणता म्हणावा, कारण त्या साली जे सुरू जाहले ते ऐकोन थंड माणसाचाही माथा भडकावा. ते समयी एका राज्यात, एका लहान गावी, वैजयंता दामोदर खिलारे नामे बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. वय बेचाळीस, चाकरी एकोणीस वर्षांची. तीस पोरांची खिचडी रांधावी, तीस नाके पुसावी, आणि अंगणवाडीचा नळ हरघडी कोरडा पडे म्हणोन वेशीबाहेरच्या हापशावरून कळशा वाहाव्या, ऐसे त्यांचे काम. गाव त्यांस 'ओ मदतनीस' म्हणोन हाक मारी. नाव कोणी घेत नसे. ऐशांत थोरल्या सेविकाबाई दोन वर्षांनी, श्रावणाअखेर, निवृत्त होणार हे ठरले, आणि सरकारातून हुकूम सुटला की मदतनीस दहावी उत्तीर्ण असेल तर सेविकेची गादी तिजला द्यावी, नसेल तर बाहेरून दुसरी आणावी. बाई सातवीतून घरी बसलेल्या. तरी त्यांनी पदर खोचिला, घरी बसोन परीक्षेस बसतात तो बाहेरचा फॉर्म भरिला, आणि मराठी, गणित, विज्ञान, इतिहास ऐसे मुलूख पहिल्याच स्वारीत सर केले. इंग्रजीपुढे मात्र मोड जाहला आणि अकरा गुणांवर माघारी आल्या. आता पुसावे की खिचडी रांधणारीस इंग्रजी कशास पाहिजे? मीठ किती घातले हे पॅसिव्ह व्हॉइसमध्ये सांगता आले नाही म्हणोन कोणा पोराचे पोट दुखले, ऐसे या राज्यात आजवर ऐकिले नाही. परंतु हुकूम तो हुकूम.

मग बाईंनी त्रिंबकराव पोफळे मास्तरांस गाठिले. मास्तर तीस वर्षे इंग्रजी शिकवोन निवृत्त जाहलेले, स्वभाव तापट, आणि गाईड नामे जाडजूड पुस्तकांचा त्यांस भारी तिटकारा. बाईंनी पिशवीतून गाईड काढिले तो त्यांनी ते उचलोन माळ्यावर भिरकाविले आणि म्हणाले, "यातलं घोकून पास होता येतं, लिहिता येत नाही. जे खरं आहे ते लिहायचं, आणि आपल्या शब्दांत लिहायचं. आधी स्वतःचं नाव लिहून दाखवा." बाईंस ते येईना. वैजयंता म्हणजे इंग्रजीत दहा अक्षरे, आणि खिलारे म्हणजे वर सात. चार दिवस पाटीवर तेच नाव गिरविले, पाचव्या दिवशी न चुकता उतरले, तेव्हा बाई पाटीकडे बराच वेळ पाहात राहिल्या आणि मास्तरांस म्हणाल्या, "किती लांब आहे हो माझं नाव!" तेथोन स्वारी पुढे निघाली. काळाचे तीन गड, एकेकास चार बुरूज, ऐसे बारा बुरूज चढावे लागले. ही आणि शी पुढे आले की क्रियापदास शेपूट लावावे, दे आले की कापावे. ए, अ‍ॅन आणि द हे तीन चोपदार कोणासमोर उभे राहतील आणि कोणास पाठ दाखवितील याचा भरवसा नाही. बाई खिचडी ढवळता ढवळता 'द ऑइल इज हॉट' म्हणत, आणि पोरे जेवू लागली की 'द चिल्ड्रन आर ईटिंग' म्हणत, आणि पोरेही घास तोंडात ठेवोन 'ईटिंग, ईटिंग' ओरडत. ऐसे आठ महिने गेले.

फाल्गुनात परीक्षा आली. बाईंनी रिकाम्या जागा भरिल्या, काळ बदलिले, उतारा वाचोन उत्तरे लिहिली, आणि मग पत्राचा प्रश्न पुढे आला. प्रश्न ऐसा की, तुमच्या गावी पाण्याची टंचाई आहे, तरी ग्रामपंचायतीस तक्रारीचे पत्र लिहा. ग्रामपंचायतीत इंग्रजी वाचणारा कोण, हे मंडळाने सांगितले नाही. परंतु बाईंचा ऊर भरोन आला. नऊ महिने जे कोणी पुसले नाही ते आज सरकार आपण होऊन पुसते आहे, ऐसे त्यांस वाटले. मग त्यांनी सोप्या, नीट इंग्रजीत लिहिले की, अंगणवाडीच्या नळास नऊ महिने पाणी नाही. तीस मुले तहानलेली असतात. मी रोज हापशावरून पाणी आणते. माझी पाठ दुखते. कृपा करून नळ दुरुस्त करा. आणि खाली आपले नाव, दहा अक्षरे आणि सात अक्षरे, एकही चूक न करता घातले, आणि गावाचे नाव घातले, आणि समाधानाने घरी आल्या.

इथेच घात जाहला. त्या राज्याची चाल ऐसी की, परीक्षेतील पत्राखाली कोणी आपले नाव घालू नये, एक्स-वाय-झेड घालावे. शाळेतले प्रत्येक पोर हे मिसरूड फुटण्याआधी शिकते. परंतु बाई सातवीपुढे शाळेत बसल्याच नव्हत्या, आणि मास्तरांस ही गोष्ट इतकी ठाऊक की सांगावयाचे सुचलेच नाही. उत्तरपत्रिका तपासणाराने पत्रास पाचपैकी पाच दिले, आणि मग नजर खाली गेली, तो खरे नाव! चोर सापडल्यासारखी धावपळ जाहली. वैशाखात निकाल लागला, त्यात बाईंचा निकाल राखोन ठेविला, आणि ओळख उघड केली या आरोपावरून मंडळाने त्यांस तालुक्याहून लांब, एसटी दोनदा बदलोन, चौकशीस बोलाविले. जो कोणी चिठ्ठ्या खिडकीतून आत फेकितो त्यास कोणी बोलाविले नाही. जीस आपले नाव लिहिता आले तीस बोलाविले. मेजापलीकडे तिघे साहेब बसले होते. बाई उभ्या, हातात पिशवी.

थोरले साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पेपरात नाव का लिहिलंत? तपासणाऱ्याला इशारा द्यायचा होता?"

"इशारा कसला, साहेब? अर्ज केला तर खाली नाव नको का? बिननावाचा अर्ज पंचायतीत कुणी हातात तरी घेतं का?"

"अहो, ते पत्र पाठवायचं नसतं!"

बाईंस हे नवीन होते. त्या म्हणाल्या, "मग विचारलं कशाला?"

थोरले साहेब कागद चाळू लागले. मग बाईंनी पुसले, "माझ्या इंग्रजीत चूक आहे का?" साहेबांनी कागद पुन्हा वाचिला आणि चूक नाही ऐसे कबूल केले. "नळाला पाणी नाही हे खोटं आहे का?" ते आम्हांस ठाऊक नाही, म्हणाले. तेव्हा बाई भीडमुरवत सोडोन संतापल्या. "वीस वर्षं मला मदतनीस म्हणतात. एकदा, साहेब, एकदाच मी सरकारी कागदावर माझं नाव लिहिलं, तर तेवढाच गुन्हा झाला होय?" साहेब म्हणाले, "नियम आहे, बाई. त्यामागचा हेतू चांगला आहे." आणि निवाडा दिला की पत्राचे गुण शून्य करावे. सदतीस गुण होते, त्यांतून पाच गेले, बत्तीस उरले. पस्तिसांची वेस तीन पावलांवर राहिली आणि बाई नापास जाहल्या.

हे वर्तमान ऐकोन मास्तरांनी कपाळावर हात मारिला. "चूक माझी. सगळं शिकवलं आणि तेवढंच राहिलं. या खेपेला खाली एक्स-वाय-झेड लिहा." बाई म्हणाल्या, "हा कोण?" मास्तर म्हणाले, "कुणीच नाही." बाईंनी मान हालविली आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरिला, कारण श्रावणाअखेर गादी रिकामी होणार आणि दुसरी बाई शेजारच्या गावातून चौकशी करू लागली होती. आषाढात परीक्षा जाहली. मंडळाची कल्पनाशक्ती नळ, रस्ता आणि कचरा या तिघांच्या पलीकडे जात नाही, आणि या खेपेस पाळी पुन्हा नळाची आली. बाईंनी तेच पत्र लिहिले. तीच मुले, तोच हापसा, तीच दुखरी पाठ. एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही. फक्त गावाचे नाव गाळिले आणि आपल्या नावाच्या जागी हात घट्ट करोन तीन अक्षरे लिहिली. निकाल आला. पत्रास पाचपैकी पाच, एकूण एक्केचाळीस, बाई उत्तीर्ण. मास्तरांनी पेढे वाटिले. बाईंनी एक पेढा घेतला आणि पदराशी बांधोन ठेविला, खाल्ला नाही.

भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी बाई सेविका म्हणोन अंगणवाडीत आल्या. पर्यवेक्षिकाबाईंनी हजेरीचे पुस्तक पुढे केले आणि सही करा म्हणाल्या. बाईंनी पेन उचलिले, कागदास टेकविले, आणि हात तेथेच थांबला. मग हळू आवाजात पुसले, "ताई, इथं खरं नाव लिहायचं का?" पर्यवेक्षिका हसल्या. त्यांस वाटले, थट्टा आहे. बाई हसल्या नाहीत, उत्तराची वाट पाहात राहिल्या.

येणेप्रमाणे हकीकत घडली. नळ अद्याप कोरडा आहे, नव्या मदतनीसबाई हापशावरून कळशा वाहतात, आणि एक्स-वाय-झेड यांनी केलेले लक्षावधी अर्ज मंडळाच्या कोठारात पूर्ण गुण मिळवोन पडले आहेत. लिहिणाराने येथे आपले नाव घातले नाही. घातले असते, परंतु घालणारीचे काय जाहले ते वर लिहिलेच आहे.